दांडेकर-रथ यांची दारिद्र्यरेषा : एक साधनपरीक्षण

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांचा १९७१ सालीं प्रसिद्ध झालेला ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा निबंध आमच्या वाचकांच्या नित्याच्या विषयांतील नव्हे. तथापि आंकडा हाही एक दाखलाच असल्यानें महजरास जी कसोटी आपण लावतों तीच येथें लावणें युक्त होय.

ग्रंथकारांची मांडणी अशी : ज्या खर्चांत माणशीं रोज २२५० उष्मांकांचें अन्न पदरीं पडतें, तो खर्च १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत दरमहा १५ रुपये व शहरांत २२॥ रुपये. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चपत्रकांस हें माप लावतां खेड्यांतील सुमारें शेंकडा ४० व शहरांतील सुमारें शेंकडा ५० लोक रेषेखालीं ठरले. राष्ट्राचें उत्पन्न वाढलें कीं दारिद्र्य आपोआप हटेल, या समजुतीस त्यांनीं पुराव्यानिशीं धक्का दिला, ही त्यांची थोर कामगिरी. १९६०-६१ पुढील सात वर्षांत खेड्यांतील तळचा पंचमांश जेथल्या तेथें राहिला, शहरांतील तर खालावला.

परंतु या साधनास मर्यादा आहेत. पहिली डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं दाखविली : अन्नाची गरज माणसागणिक, किंबहुना एकाच माणसाची दिवसागणिक बदलते, सबब सरासरीखालील प्रत्येकास उपाशी गणतां येत नाहीं. दुसरी मांजर्लीच्या उदाहरणानें कळेल. हें गांव आज कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत मोडतें. माणशीं १८ रुपये खर्चणारें कुटुंब त्या वेळच्या भावानें गांवकरी म्हणून रेषेवर, शहरवासी म्हणून रेषेखालीं. शहरांत महागाई अधिक हें खरें. पण हद्द बदलली त्या दिवशीं बाजारभाव बदलत नाहींत. चूल तीच, बदललें तें दप्तर.

तिसरी मर्यादा कारणांची. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागराचें वर्णन केलें, तेव्हां जुने आंकडेही धुंडाळले. १७७१ मध्यें ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांच्या ७१८ तुकड्यांपैकीं ४६३ एकराहूनही लहान. गरिबी कशी आली, हें तेथें दिसतें. रेषेंत तें दिसत नाहीं.

रेषा किती गरीब हें सांगते, कोण गरीब हें सांगत नाहीं. अशा मापाचा निवाड्यासाठीं उपयोग झाला म्हणजे एका रुपयाच्या नोंदीनें एखाद्या घराचा शिधा जातो. ग्रंथकारांनीं स्वतः सुचविलेला उपाय सार्वजनिक कामांचा होता. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानेंही रेषेचा दाखला मागितला नाहीं, खेड्यांत अंगमेहनतीस तयार असणें पुरे मानलें. आमच्या मतें हेंच अधिक न्याय्य.

म्हणून विनंती कीं, मांजर्ली व आसपासच्या गांवांतील खातेवह्या, सावकारी चोपड्या, हजेरीपट ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत. ताम्रपटाइतकेच तेही जपून ठेवण्याजोगे आहेत.