जुनीं पदें : कोणतीं ठेवावीं, कोणतीं सोडावीं

भंडारा जिल्ह्यांत धानाची कापणी होऊन दिवाळी सरली कीं गांवोगांव मंडई भरते. दंडार, खडी गंमत आणि नाटक यांवांचून तिला शोभा नाहीं. झाडीपट्टीचें हें नाटक रात्रीं उशिरा सुरू होतें, पहाटेपर्यंत चालतें, आणि गाण्यावांचून तें रंगत नाहीं. अशा जुन्या नाटकमंडळीनें आपल्या गाजलेल्या पदांपैकीं कोणतीं यापुढें रंगभूमीवर म्हणूं नयेत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

पुण्यामुंबईस हा निवाडा घड्याळ करितें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रां'त (१८८२) शंभराहून अधिक पदें होतीं. तीन तासांच्या प्रयोगांत त्यांतलीं थोडींच उरतात. कात्री प्रथम लागते ती साकी, दिंडी अशा लहान रचनांना. टाळ्या घेणारीं रागदारीचीं पदें सुरक्षित राहतात. आमच्या मतें हा न्याय उलटा आहे. साकींत पात्र बोलतें आणि कथा दोन पावलें पुढें सरकते. उलट, बलराम आपल्याला दुर्योधनास देणार या चिंतेनें व्याकुळ झालेली सुभद्रा तानांच्या भरांत पाव तास रमली, तर प्रेक्षक सुभद्रेला विसरतो आणि गायिकेच्या ताना मोजूं लागतो.

झाडीपट्टीला घड्याळाची सबब नाहीं. रात्र मोठी आहे; म्हणूनच तेथें निवड रुचीनेंच करावी लागते. त्या निवडीला तीन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली, पद प्रसंगांतून उगवतें कीं प्रसंग अडवून बसतें? दुसरी, गाणारा तें स्वतःचें म्हणून गातो कीं कोणा थोर गायकाची नक्कल करितो? बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) काळीं 'वन्स मोअर'च्या गजरांत नाटक रात्रभर चाले. तें त्यांना शोभलें, कारण तेंच पद ते दुसऱ्यांदा नव्यानें गात. नक्कल करणाऱ्यापाशीं दुसऱ्यांदा द्यावयास कांहीं नसतें. तिसरी कसोटी अर्थाची. कोणाच्या वैधव्यावर, व्यंगावर वा जातीवर हंशा पिकविणारें पद चाल कितीहि गोड असली तरी सोडलें पाहिजे. इंग्लंडांतील रोलिंग स्टोन्स या वृद्ध वाद्यवृंदानेंहि १९७१ सालचें आपलें एक लोकप्रिय गीत २०२१ च्या अमेरिकेच्या दौऱ्यांतून वगळलें. गुलाम स्त्रियांवरील अत्याचाराचा त्यांतील उल्लेख अनेकांना खटकत होता.

यावर कोणी म्हणेल, "लोक येतात तेच त्या पदांसाठीं; तीं काढलीं तर तिकीट कोण घेईल?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्या बापानें ऐकलेलें पद ऐकावयास जो शेतकरी थंडींत घोंगडी पांघरून बसतो, त्याचा त्या पदावर हक्क आहे. परंतु तो हक्क पदाचा आहे, त्याच्या लांबीचा नव्हे. तें आपल्या जागीं, एकदां, आटोपशीर म्हणावें. ज्याला जागाच उरली नाहीं तें बैठकींत गावें. बैठकींत त्याला कथेचा अडथळा नाहीं, आणि कथेला त्याचा नाहीं.

झाडीपट्टींत दर हंगामाला नवीं नाटकें लिहिलीं जातात, हें तिचें खरें वैभव आहे. त्या नाटकांतील नवें पद लोकांच्या ओठीं बसावयाचें तर त्याला चार रात्री निवांतपणें ऐकूं दिलें पाहिजे. मागील पिढीच्या गाण्यानें सारी रात्र व्यापली तर पुढील पिढीला आठवावयास गाणेंच राहणार नाहीं. आज जें जुनें आहे तें एके काळीं कोणी जागा करून दिलेलें नवेंच होतें. वृद्ध मंडळीनें तेवढी जागा करून द्यावी, इतकीच आमची मागणी आहे.