तत्त्वे पाठ आहेत, मग अडते कुठे?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवायचे म्हटले की आपण बीचम आणि चिल्ड्रेस यांचा १९७९चा ग्रंथ उघडतो. स्वायत्तता, अहित न करणे, हित साधणे, न्याय अशी चार तत्त्वे. ग्रंथ मोठाच आहे. पण त्यातला निर्णय घेणारा मला तरी बहुतेक वेळा डॉक्टरच दिसतो.

१९८४मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी नर्सिंगच्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले: योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या बंधनांमुळे ते करता येत नाही.

आता बघा, रुग्णाने संमतीपत्रावर सही केलीय, पण कशासाठी ते त्याला उमगलेले नाही. विद्यार्थिनीला हे दिसतंय. स्वायत्ततेची व्याख्याही पाठ आहे. तरी ‘सर, पेशंटला ऑपरेशन नीट समजलेलं नाही’ एवढे वाक्य तोंडातून फुटत नाही. हे अज्ञान नव्हे.

अॅरिस्टॉटल सांगतो, धैर्य येते ते धैर्याची कृत्ये करूनच. तेव्हा तिला पाचवे तत्त्व नको. ते वाक्य बोलण्याचा सराव हवा, आणि ऐकून पाठीशी उभी राहणारी इन्चार्ज सिस्टर हवी. वॉर्ड आहे तसाच ठेवून नुसता आत्मविश्वास शिकवला, तर तिच्या गप्प बसण्याचा दोष आपण तिच्याच पदरात टाकतो.