हात भोसरीचे, गाडी डेट्रॉइटची

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात जुन्या मोटारींची स्केल मॉडेलं जोडणारे, रंगवणारे लोक फार नाहीत. पण जे आहेत, त्यांचं काम समोर ठेवलं की हाताची तयारी लगेच कळते. दारांच्या फटी सरळ, टपाच्या कडेला रंगाचा ओघळ नाही, बंपरचं क्रोम चमकतं पण आरशासारखं भडक दिसत नाही. आता गाडी कुठली म्हणाल, तर १९५७ची शेवरोले बेल एअर, नाहीतर पहिली मस्टँग, नाहीतर मर्सिडीज ३०० एसएल. ज्याच्या वडिलांची उभी नोकरी आकुर्डीत चेतकच्या लाइनवर गेली, त्याच्याही कपाटात चेतक नसते. कारागिरी पक्की आणि विषय उसना, अशी या छंदाची आजची अवस्था आहे.

कारागिरी पक्की का, हे शोधायला लांब जावं लागत नाही. किटचा डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले शे-दीडशे भाग निघतात. नवख्याला त्यात खेळणं दिसतं. भोसरीच्या टूलरूममध्ये चार वर्षं घासलेल्या माणसाला तो इंजेक्शन मोल्डिंगचा जॉब दिसतो. चौकट म्हणजे रनर, भाग जिथे चिकटलाय तो गेट, मडगार्डवरून धावणारी बारीक रेघ म्हणजे डायच्या दोन अर्ध्यांची पार्टिंग लाइन, सीटमागचे गोल ठसे इजेक्टर पिनचे, जाड भागावर पडलेला खळगा म्हणजे सिंक मार्क. मॉडेल करणाऱ्याची निम्मी मेहनत हे दोष पुसण्यात जाते, आणि इथल्या माणसाला ते दोष आधीच नावानिशी ठाऊक असतात. कंपनीत तो असे पार्ट रिजेक्ट करतो; घरी आल्यावर तेच सर्जिकल ब्लेडने खरवडून, वॉटर पेपरने घासून पास करतो.

जुन्या किटमध्ये तर ही परीक्षा जास्तच. अमेरिकेत एएमटी, मोनोग्राम, रेव्हेल या कंपन्यांनी पन्नास-साठच्या दशकांत ज्या डाय केल्या, त्यांतल्या कित्येक अजून वापरात आहेत. एएमटीचं नाव आज राउंड टू या कंपनीकडे आहे आणि जुन्या किट जुन्याच चित्रांच्या डब्यात घालून ती पुन्हा विकते. डाय झिजली की दोन अर्ध्यांच्या मधून प्लास्टिक पाझरतं आणि प्रत्येक भागाला पातळ पापुद्रा येतो. त्याला फ्लॅश म्हणतात. काही जण याच ओबडधोबडपणावर जीव टाकतात. मला त्यात थोडी भाबडी भक्ती दिसते. वाईट डाय ही वाईट डायच, ती साठ वर्षांची झाली म्हणून तिला सोनं लागत नाही.

रंगाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथली मॉडेलं खरी उठतात ती रंगात आणि पडतातही रंगातच. हौशी रंगाच्या छोट्या बाटल्या जपानहून, इंग्लंडहून येतात आणि महाग पडतात. शिवाय लॅकर आणि स्प्रेचे डबे ज्वलनशील, त्यामुळे विमानाने येत नाहीत. इथल्या मंडळींनी त्यावर गॅरेजचा तोडगा काढला. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानात कोड सांगितला की कुठल्याही कंपनीचा रंग मिसळून मिळतो. भरणीला लांबी, वर सरफेसर, थिनर मारून पातळ केलेला बेस कोट आणि शेवटी क्लिअर. सगळं खऱ्या गाडीचंच, फक्त बंदुकीऐवजी एअरब्रश.

अडचण इथेच सुरू होते. खऱ्या गाडीवर कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग भरतात. तेवढाच थर १:२४च्या मॉडेलवर चढवला, तर प्रमाणात तो जवळजवळ अडीच मिलिमीटर झाला. अडीच मिलिमीटर रंग थापलेली गाडी कुणी पाहिली आहे? दाराची चार मिलिमीटरची फट मॉडेलमध्ये मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी उरते. दोन्ही कडांनी रंग चढला की ती बुजते आणि दार बॉडीला रंगवून चिकटवल्यासारखं दिसतं. मेटॅलिकचंही तेच. ॲल्युमिनियमचे कण खऱ्या बॉनेटवर नुसते चमचमतात, मॉडेलवर ते भुरभुरलेल्या साखरेसारखे दिसतात. जाणता माणूस म्हणून रंगाआधी फटी खोल कोरून घेतो, सरफेसर जवळपास टाळतो आणि रंग धुक्यासारखा, हात उचलून मारतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मात्र त्याचंही काही चालत नाही. हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं आणि काळ्या टपावर पांढुरकी साय धरते. रिटार्डर घालून थोडं निभतं. शहाणे लोक पावसाळ्यात इंजिन आणि इंटिरिअर उरकतात आणि बॉडी दसऱ्यानंतर हातात घेतात.

एवढं करून गाडी झाली की ती शोरूममधली होते. प्रत्येक गाडी! चिखल नाही, टायरच्या कडा झिजलेल्या नाहीत, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी नाही. रणगाडे करणारे गंज आणि धूळ इतकी थापतात की खाली पोलाद आहे की शेण, कळत नाही. मोटारवाले दुसरं टोक गाठतात. माझ्या मते हा रंगकौशल्याचा दोष नाही, ओळखीचा आहे. बेल एअर इथल्या कुणी रस्त्यावर रोज पाहिलेली नाही. ती जुनी कशी होते, कुठे आधी सडते, मालक तिला काय काय लावतो, हे ठाऊक नसलं की डब्यावरचं चित्र हाच आधार उरतो. प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. तिची काळीपिवळी हाताने मारलेल्या ऑइल पेंटची असायची, ब्रशच्या रेघांसकट. टपावर कॅरिअर, डाव्या बाजूला काचेबाहेर मीटर, मागच्या काचेवर देवाचं नाव. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून ही टॅक्सी कायमची गेली. तिच्या सडलेल्या दारांच्या तळकडा आठवणारी माणसं अजून हयात आहेत आणि त्यातले काही उत्तम एअरब्रश चालवतात. पण मोठ्या किट कंपन्यांच्या यादीत पद्मिनी मला कधी दिसली नाही.

हे असंच असायला हवं होतं का? डेट्रॉइटमध्ये नव्हतं. तिथे एएमटीची सुरुवात १९४८ची; मोटार कंपन्यांच्या डीलरांना गिऱ्हाइकाला देण्यासाठी छोट्या प्रतिकृती पुरवणं, हा तिचा पहिला धंदा. खऱ्या गाडीचं नवं साल आलं की छोट्या गाडीची नवी डाय तयार. त्याच प्रतिकृती पुढे सुट्या भागांत विकल्या गेल्या आणि किट जन्माला आली. जपानात शिझुओकाला लाकूडकामाची परंपरा होती. तामिया १९४६ला लाकूडवखार म्हणून सुरू झाली आणि १९६०च्या सुमारास प्लास्टिककडे वळली. आज तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी सगळ्या त्याच प्रांतात आहेत. म्हणजे कारखान्याचा शेजार आणि हाताची परंपरा, दोन्हींतून हा धंदा उगवलेला आहे. आपल्याकडे दोन्ही होतं. टेल्कोचा पहिला ट्रक पिंपरीतून १९७७ला बाहेर पडला, पण त्याच्या कितीतरी आधी इथे मशीन टूल आणि प्रेस टूलचे विभाग उभे राहिले होते. या गावाने गाड्यांच्या आधी गाड्यांचे साचे केले. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये रॅपिड प्रोटोटायपिंगची सोय आहे, भोसरीत गल्लोगल्ली मोल्ड बनतात. नाही ती फक्त किट.

कारणं रुक्ष आहेत. दीडशे भागांची डाय लाखांत जाते आणि गिऱ्हाईक शेकड्यांत. कंपन्यांना आपल्या जुन्या गाडीचं कौतुक जाहिरातीपुरतंच. सरकारच्या लेखी किट म्हणजे खेळणं. आयात शुल्काच्या ज्या शीर्षकाखाली बाहुल्या येतात, त्याखालीच स्केल मॉडेलही. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. देशी खेळणी उद्योगाला उभारी मिळावी, हा हेतू. मिळालीही असेल. पण बाहेरच्या किट महागल्या म्हणून इथे कुणी चेतकची डाय पाडली नाही. लोक डायकास्टकडे वळले. रंगवून, जोडून, ब्लिस्टर पॅकमध्ये बंद होऊन आलेल्या गाड्या जमवणं हा वेगळा छंद आहे. त्यात नजर लागते, हात लागत नाही. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

गाडी इथली आणि किट परकी, याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण हान्सियाटचं. हॅम्बुर्गच्या विडाल अँड झोनच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांनी १९५८ला बजाज टेम्पो उभी केली आणि पुढे एक चाक, मागे दोन अशी ती तोंडाळ तीनचाकी आकुर्डीतून महाराष्ट्रभर गेली. कांदा, ऊस, लग्नाचं वऱ्हाड, गणपती, सगळं तिने वाहिलं. तिच्याच घराण्यातल्या जुन्या टेम्पो ए-४००ची १:३५ किट गेल्या काही वर्षांत बाजारात आली, तीही युक्रेनच्या मिनीआर्टने काढलेली आणि जर्मन रस्त्यांसाठी सजवलेली. त्या किटची कॅब बदलून, मागे लाकडी फळ्यांचा हौदा बसवून, पुढे लिंबू-मिरची टांगून तिचं हान्सियाट करणं अवघड नाही. जीपवाल्यांनी हा मार्ग आधीच घेतला आहे. तामियाची युद्धातली विलीज घ्यायची, तिची नऊ फटींची जाळी काढून सात फटींची बसवायची, बॉनेट उंच करायचं, कारण महिंद्रांच्या सीजे-३बीचं इंजिन उंच होतं, मग मागे झडप लावायची. बॉनेटची उंची चुकली की गाडी लगेच खोटी वाटते. आपल्याकडे जीप प्रत्येकाने गावच्या यात्रेत पाहिलेली असते, त्यामुळे परीक्षक घरोघरी. चाकणला आज महिंद्रांच्या गाड्या बनतात, म्हणून ही वंशावळ इथे शोभतेही.

पण उसन्या विषयाला खरं उत्तर किटवाल्यांकडून आलेलं नाही. ते एसटीवाल्यांनी दिलं. महाराष्ट्रभर तरुण पोरं एसटीच्या प्रतिकृती करतात. किट नाही, डाय नाही, सगळं सनबोर्ड, कार्डशीट, फोमशीट आणि खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक. कटर, फेविक्विक, पट्टी, झालं. या पोरांना एमएच-१४ बीटी म्हणजे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेची बॉडी आणि एमएच-२० बीएल म्हणजे चिकलठाण्याची, हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. दोन्हींच्या पुढच्या तोंडातला फरक ती कार्डशीटमध्ये दाखवतात. शिडी, टपावरचं कॅरिअर, मार्गाची पाटी, डेपोचं नाव, आपत्कालीन दरवाजा, चालकाच्या दारावरचा ओरखडा, काही सुटत नाही. फेविक्विकच्या वाफेने खिडक्या धुरकटतात, तेही चालतं. एसटीच्या काचा कधी लख्ख होत्या?

त्यांचं कमी पडतं ते प्रमाणात. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा मोठा असतो, तसं चाक बसपेक्षा मोठं, आरसा दाराएवढा. कुणाची बस चाळिसाव्या भागाची, कुणाची तिसाव्या, आणि पुढून एक प्रमाण तर बाजूने दुसरं. शीटच्या कडा रंगाखालून दिसतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे गाडी, फलाट, माणसं सगळी १:८७ला बांधलेली, म्हणून नजर आत शिरली की अडखळत नाही. एसटीच्या पोरांनी ते एकदा बारकाईने पाहावं. आणि बेल एअरवाल्यांनी एसटीची पोरं पाहावीत. एकाकडे कॅलिपर आहे, दुसऱ्याकडे आठवण. दोघं एकमेकांच्या टेबलाकडे फिरकत नाहीत, याला थोडा वर्गभेदही कारण आहे. तीन-चार हजारांची किट घेणारा सनबोर्डला ‘शाळेचा प्रकल्प’ म्हणतो. हे मला खटकतं.

आता रेझिनचे थ्रीडी प्रिंटर घरात आले आहेत आणि डायचं गणित बदलू लागलं आहे. पद्मिनी, मॅटाडोर, चेतक, काहीही संगणकावर घडवून छापता येतं, दहाच प्रती हव्या तर दहाच. मात्र जे छापलेलं पाहायला मिळतं, त्यात बरंच काम फोटोवरून अंदाजाने काढलेलं असतं. खिडकीचे खांब जाड, चाकांच्या कमानी गोलमटोल, टपावर थरांच्या पायऱ्या. १९९१ची टाटा सिएरा घ्या. तिची सगळी ऐट मागच्या बाजूंच्या काचांत आहे, ज्या टपाकडे वळून जातात. फोटोत ते वळण सपाट दिसतं. ते उतरवायचं तर खऱ्या काचेवर पुठ्ठ्याचं टेम्प्लेट धरून आकार घ्यायला हवा, मग लाकडाचा ठोकळा घासून त्यावर तापवलेली पातळ प्लास्टिक शीट निर्वाताने ओढायची. या पट्ट्यात हे करू शकणारी माणसं आहेत. डिझाइन स्टुडिओंत क्लेवर हात चालवलेली, पॅटर्न शॉपमधून निवृत्त झालेली.

मापं घ्यायला गाड्या मात्र झपाट्याने कमी होताहेत. कुदळवाडी-चिखलीच्या भंगाराच्या गोदामांत जुन्या गाड्यांची दारं, जाळ्या, कॅबा पडलेल्या असत. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेच्या कारवाईत ती गोदामं मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त झाली. पिंपरी-चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये मोटारींचं दालन आहे, तिथे कॅलिपर आणि टेप लावायची परवानगी मागता येईल. मॅटाडोर अजून एखाद्या मंगल कार्यालयामागे उभी सापडते. तिची पुढची काच, दिव्यांमधलं अंतर, चाकांमधलं अंतर आणि सरकत्या दाराचा रूळ, एवढी चार मापं कुणी नीट कागदावर उतरवली, तरी पुढच्या दहा मॉडेलांचा पाया होईल. त्या कागदाची प्रत एसटीच्या पोरांनाही द्यावी.