‘पोखर्णीचा पाऊस’ म्हणजे नेमका कुठला पाऊस?

डी. एस. पै आणि सहकाऱ्यांचा ‘मौसम’मधला २०१४ चा पेपर संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एकदा वाचावाच. १९०१ ते २०१० या काळातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून त्यांनी देशाचा रोजचा पाऊस ०.२५ अंशांच्या चौकटींत बसवला. काम मोलाचं आहे. माझी तक्रार आहे ती आपण हा डेटा वापरतो त्या पद्धतीबद्दल.

परभणीच्या अक्षांशावर अशी एक चौकट साधारण २६ बाय २८ किलोमीटरची होते, म्हणजे सातशेहून जास्त चौरस किलोमीटर. पोखर्णीसारखी कितीतरी गावं तिच्यात बसतात. तरी आलेखाखाली बिनधास्त लिहिलं जातं, ‘पोखर्णीचा पाऊस’. प्रत्यक्षात तो आजूबाजूच्या केंद्रांना अंतरानुसार वजन देऊन काढलेला चौकटीचा अंदाज असतो.

यात बिघडतं काय? आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. समजा, चार मंडळांत १००, ५०, २० आणि १० मिमी पाऊस पडला. चारींची सरासरी ४५. अतिवृष्टी गायब! आता जोड्या लावा. १०० आणि ५० एकत्र घेतले तर ७५, म्हणजे अतिवृष्टी झाली. १०० आणि १० घेतले तर ५५, म्हणजे नाही झाली. पाऊस तोच, फक्त रेघ हलली. पहिली अडचण स्केलची, दुसरी हद्दीची. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून दाखवलं, की एकाच डेटातून सहसंबंध जवळपास उणे एक ते अधिक एक असा कुठेही नेता येतो.

मोठ्या प्रदेशावरचा मान्सूनचा कल बघायला हा ग्रिड उत्तम आहे. पण ‘या गावात अतिवृष्टी वाढलेली नाही’ असं त्यावरून लिहू नका. सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याची मदत मंडळाच्या आकड्यावर अडते. तो आकडाही मंडळातल्या सगळ्या गावांना सारखाच लावलेला असतो. त्यात आपल्या प्रबंधाने आणखी घोळ घालू नये.

म्हणून आपला प्रश्न कोणत्या स्केलचा आहे, ते आधी ठरवा. तेच विश्लेषण मंडळ, तालुका आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर चालवा, हद्दी सरकवून बघा. निष्कर्ष बदलला तर तो बदलही प्रबंधात छापा. मार्गदर्शक ‘एकच नकाशा ठेवा’ म्हणाले, तर बाकीचे निदान परिशिष्टात तरी द्या.