संहितेविना वारसा : बालनशीननंतरचा बालनशीन

रोलाँ बार्थने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लेखकाचा मृत्यू’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर छापील संहिता होती. लेखक गेला तरी पान उरते, हे तिथे गृहीतच होते. ज्या कलेत असे पानच नाही, तिथे या संकल्पनेचे काय होते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेने क्वचितच विचारला आहे. बॅले ही अशी कला आहे. नृत्यलेखनाच्या पद्धती आहेत, चित्रफितीही आहेत. तरी रचना खऱ्या अर्थाने संक्रमित होते ती एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे. त्यामुळे बॅलेच्या धुरीणांच्या वारशाची चर्चा चरित्रापाशी थांबत नाही. ती अपरिहार्यपणे संहितेच्या स्वरूपाची चर्चा होते.

सर्गेई दिआगिलेव्ह स्वतः व्यावसायिक नर्तक नव्हता आणि नृत्यरचनाकारही नव्हता. १९०९नंतरच्या वीस वर्षांत निजिन्स्की, स्त्राविन्स्की, पिकासो यांना एका रंगमंचाभोवती आणणे हेच त्याचे कर्तृत्व. १९ ऑगस्ट १९२९ रोजी व्हेनिसमध्ये त्याचे निधन झाले आणि त्याची ‘बॅले रूस’ मंडळी मोडली. मालकामागे कंपनी टिकत नाही, हे संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला नवे नाही. मागे उरली ती माणसे. त्यांतला लिफार पॅरिस ऑपेरात गेला. जॉर्ज बालनशीन १९३३मध्ये अमेरिकेत पोहोचला.

बालनशीनचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ३० एप्रिल १९८३ रोजी तो वारला तेव्हा १९३४मध्ये सुरू केलेली शाळा चालू होती, १९४८पासून ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’ हे नाव धारण केलेली संस्था चालू होती आणि रचनांचा मोठा संग्रह जिवंत होता. प्रश्न उरला तो एवढाच की, या रचना म्हणजे नेमके काय?

‘सेरेनाड’ पाहावी. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या म्हणून सतरा जणींची मांडणी झाली. एक मुलगी उशिरा आली, एक पडली, तेही रचनेत शिरले. जून १९३४मध्ये विद्यार्थिनींनी ती न्यूयॉर्कजवळ प्रथम सादर केली. पुढे बालनशीनने तिच्यात भर घातली, आणि चायकोव्हस्कीच्या संगीताचा क्रमही असा बदलला की करुण भाग शेवटी आला. आज जगभरातल्या मंडळ्यांत एक नर्तकी ठरल्या मात्रेला उशिरा येते आणि एक ठरल्या मात्रेला पडते. तालमीतला अपघात पाठ झाला आहे. येथे आकस्मिकता हाच संहितेचा उगम आहे, आणि तिला प्रमाण मानताच तिच्यातली आकस्मिकता संपते.

‘अपोलो’चा पेच याहून अवघड आहे. १२ जून १९२८ रोजी पॅरिसमध्ये सादर झालेल्या या रचनेत देवाचा जन्म होता आणि अखेरीस पर्नॅससवरचे आरोहणही होते. १९७९मध्ये बारिश्निकोव्हसाठी ती पुन्हा बसवताना स्वतः बालनशीननेच दोन्ही काढून टाकले. काही मंडळ्यांनी मात्र जुने, दीर्घ रूप पुढेही चालू ठेवले. साहित्यात ‘लेखकाने तपासलेली अखेरची आवृत्ती’ हा निकष सोयीचा असतो. तो येथे लावला तर कथानकच नाहीसे होते; न लावला तर रचनाकाराची शेवटची इच्छा मोडते.

बालनशीनने मृत्युपत्राने आपल्या रचना निरनिराळ्या व्यक्तींच्या, बहुतांशी सहकाऱ्यांच्या आणि नर्तकींच्या, नावे केल्या होत्या. १९८७मध्ये त्यांपैकी बहुतेक एका विश्वस्त निधीखाली आल्या. तेव्हापासून परवाना हवा असेल तर निधीने नेमलेला जाणकार येऊन रचना बसवतो. घराण्यातली बंदिश योग्य गुरूकडून मिळावी लागते, तशातलाच हा प्रकार. मात्र येथे गुरूच्या पाठीशी कायदा उभा आहे. १९८६मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयात तर ‘नटक्रॅकर’च्या स्थिर छायाचित्रांनी नृत्यरचनेचा हक्क भंग होतो का, यावर वाद झाला. स्थिर चित्रात गती नसते, म्हणून त्यातून नृत्याची नक्कल होऊच शकत नाही, ही भूमिका न्यायालयाने मान्य केली नाही. गोठलेल्या क्षणातूनही रचना ओळखू येते, हे मत सौंदर्यशास्त्राला न्यायशास्त्राइतकेच विचारप्रवर्तक आहे.

निधीच्या शिस्तीने रचना वाचल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु जो रचनाकार हयातभर रचना बदलत राहिला, समोरच्या नर्तकीचे शरीर पाहून पावले बदलत राहिला, त्याच्याशी एकनिष्ठ राहायचे म्हणजे त्याच्या पावलांशी की त्याच्या बदलण्याशी? निधीला पहिला पर्याय स्वीकारावा लागतो, कारण दुसऱ्याचा परवाना देता येत नाही.

‘डॉन किहोते’ हा या व्यवस्थेतला अपवाद. १९६५मध्ये सुझान फॅरेलसाठी रचलेला हा बॅले त्याने तिच्याच नावे ठेवला. १९७८नंतर तो मूळ संस्थेच्या रंगमंचावरून गेला होता. फॅरेलने २००५मध्ये वॉशिंग्टनमध्ये आपल्या मंडळीकडून, कॅनडाच्या नॅशनल बॅलेच्या सहकार्याने, तो पुन्हा उभा केला. निकोलस नाबोकोव्हचे संगीत दुबळे असल्याची तक्रार १९६५पासूनची आहे, आणि ती खरीच आहे. गुणवत्तेच्या निकषावर हा बॅले कदाचित परत आला नसता. तो आला, कारण तो एका स्त्रीला आठवत होता.