'ठरणे' आणि 'ठरविणे' : लिंगनिश्चितीच्या परिभाषेची चिकित्सा

अपत्याचे लिंग कसे ठरते, हा प्रश्न मराठीतील लोकसुलभ शास्त्रीय लेखनात बहुधा एका वाक्याने मिटविला जातो : 'अपत्याचे लिंग पिता ठरवितो.' मुलीच झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या समाजाला दिलेले हे उत्तर आहे. त्यामागील हेतू चांगला आहे, यात संशय नाही. परंतु तेवढ्याने वाक्य निर्दोष होत नाही. आणि त्यातील दोष भाषेचा असल्यामुळे त्याची चिकित्सा भाषाभ्यासकाने करणे अस्थानी होऊ नये.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हेंकिंग या जर्मन संशोधकास १८९१ मध्ये एका कीटकाच्या निम्म्याच शुक्रपेशींत जाणारा एक घटक आढळला. त्याचे स्वरूप न उमगल्याने त्याने त्यास 'एक्स' म्हटले. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याविषयी दाखवून दिले की, मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे असतात, तर नराच्या पेशीत १९ मोठी व १ लहान. हे लहान गुणसूत्र, म्हणजे पुढे 'वाय' म्हणून ओळखले गेलेले, ज्या शुक्रपेशीत असते तिच्यापासून नर उपजतो. मानवातही हा भेद शुक्रपेशींतच असतो. मात्र कोणती शुक्रपेशी अंडपेशीशी संयोग पावेल, हे पित्याच्या इच्छेवर अवलंबून नसते.

मराठीत 'ठरणे' हे अकर्मक क्रियापद असून 'ठरविणे' हे त्याचे प्रयोजक रूप होय. 'लग्न ठरले' असे म्हणताना ठरविणारा सांगावा लागत नाही. 'लग्न ठरविले' म्हणताच कोणाचा तरी निर्णय गृहीत धरला जातो. म्हणून 'पिता ठरवितो' या वाक्याने दोष फक्त सुनेच्या पदरातून काढून मुलाच्या पदरात घातला जातो. मुलगी होणे हा कोणाचा तरी दोष आहे, ही मूळ समजूत तशीच राहते.

हे वाक्य सर्व सजीवांना लागूही पडत नाही. पक्ष्यांत भिन्न गुणसूत्रांची जोडी मादीत असते. मगरीच्या अंड्यांत पिलांचे लिंग उबवणीच्या तापमानावरून ठरते. दोन एक्स व एक वाय असा संच फळमाशीत मादी घडवितो, मानवात पुरुष. मानवात वाय गुणसूत्रावरील ज्या जनुकामुळे वृषणाची घडण सुरू होते, तो १९९० मध्ये ओळखण्यात आला. या साऱ्यांत कारण आहे, निर्णय कोठेच नाही.

'लिंगसंलग्न' ही संज्ञाही अशीच फसवी आहे. मॉर्गन यांनी १९१० मध्ये अभ्यासिलेला फळमाशीच्या डोळ्यांचा पांढरा रंग हा काही लैंगिक गुण नव्हे. त्याचा जनुक एक्सवर आहे, इतकेच. 'एक्स-संलग्न' ही संज्ञा अधिक नेमकी होय. रक्त न गोठण्याच्या हिमोफिलिया या विकाराबाबत 'आई मुलाला रोग देते' असे लिहिले जाते. वस्तुतः वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास तो होण्याचा संभव निम्मा असतो. रोगी पित्याचा सदोष जनुक सर्व मुलींकडे जातो, पुत्रांकडे मात्र जात नाही. 'देणे' या क्रियापदातही पुन्हा कर्तृत्व शिरलेच आहे.

शेवटची बाब व्यवहारातील. इंग्रजीत लिंग ठरण्याची जैविक क्रिया आणि गर्भाचे लिंग जाणून घेण्याची चाचणी या दोहोंस एकच संज्ञा चालते. मराठीत 'लिंगनिश्चिती' व 'गर्भलिंगनिदान' असे दोन स्वतंत्र शब्द उपलब्ध आहेत. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायद्याने निर्बंध घातले ते निदानाच्या तंत्रावर. तरीही अनेक लेखक हे शब्द एकमेकांच्या जागी योजतात, आणि जी क्रिया निसर्गाची, तिला गुन्ह्याचे नाव मिळते.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी 'लिंग पिता ठरवितो' असे न लिहिता 'लिंग शुक्रपेशीतील गुणसूत्रावरून ठरते' असे लिहावे. यात बदल एका प्रत्ययाचा आणि एका क्रियापदाचा आहे; पण त्यायोगे विधान शास्त्रशुद्ध होते, आणि घरातील कोणीच आरोपी उरत नाही.