आवर्तन आणि पुनरावृत्ती

विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र देवळांत आले, तेव्हा आरतीस चार माणसे जमोत वा न जमोत, नाद मात्र चुकणार नाही, एवढे समाधान विश्वस्तांनी मानून घेतले. त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आता घरोघरी पडले आहे. लहानशा डिजिटल ध्वनिमुद्रकावर ठेका मुद्रित करावा, त्यातील एक आवर्तन कापून त्याची टोके जुळवावी, आणि तेच आवर्तन हवे तितका वेळ फिरते ठेवून त्यावर भजन म्हणावे, अशी ही रीत आहे. तिला ‘लूप’ म्हणतात. या रीतीने सिद्ध झालेले भजन ऐकून कोणी मान डोलावतात, कोणी नाक मुरडतात. परंतु तिचे गुणदोष तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ते घेणे अगत्याचे आहे. कारण प्रश्न केवळ यंत्राचा नसून देवापुढे वाद्य वाजविणाऱ्या हाताचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजविणे ही पाश्चात्त्यांची खोड आहे, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. पॅरिसमध्ये पिअर शेफरने १९४८ साली तबकडीची खाच बंद करून एकच ध्वनी फिरता ठेवला, आणि १९६५ साली अमेरिकेत स्टीव्ह राइशने ध्वनिफितीची वेटोळी वापरून रचना केली, हे खरे. परंतु एकल तबलावादनात सारंगी वा हार्मोनियमवर धरलेला लेहरा हे दुसरे काय आहे? एका आवर्तनाची सुरावट तासभर फिरत राहते, आणि तिच्याच आधारावर वादक आपले कायदे व तिहाया मांडतो. पुनरावृत्ती आमच्या संगीतास परकी नाही. किंबहुना, ती त्याची बैठकच आहे.

तेव्हा चांगला लूप कसा साधतो, हे पाहणे योग्य ठरेल. आठ मात्रांचा भजनी ठेका मिनिटास १२० मात्रांच्या लयीत धरला, तर एक आवर्तन बरोबर ४ सेकंदांचे होते. सेकंदास ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेणाऱ्या ध्वनिमुद्रकावर ही लांबी १,७६,४०० मोजमापांची भरते. तुकडा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका आखूड कापला गेला, तर एका आवर्तनात कानास काही कळत नाही. परंतु शेजारच्या ट्रॅकवर झांज बिनचूक मोजून बसविलेली असेल, तर २५ आवर्तनांत पाव सेकंदाचे, म्हणजे अर्ध्या मात्रेचे अंतर पडते, आणि दोन मिनिटेही पुरी होण्याच्या आत ठेका व झांज यांचे भांडण जुंपते.

याहून नाजूक गोष्ट आसेची. समेवरची थाप पडते, तेव्हा आधीच्या आवर्तनातील शेवटच्या बोलाची आस हवेत तरंगत असते. पहिलेच आवर्तन कापून घेतले, तर त्याच्या आरंभी ही आस नसते. म्हणून तुकडा फिरू लागला की प्रत्येक समेपाशी डग्ग्याचा घुमारा एकाएकी तुटतो आणि ‘टक्’ असा खटका ऐकू येतो. जाणता मनुष्य यासाठी तीन आवर्तने वाजवून मधले उचलतो, आणि थापेच्या किंचित आधी, ध्वनीची लहर शून्यावर आलेली असताना कापतो. येथवर हे काम कारागिरीचे आहे, आणि त्या कारागिरीस उणे लेखण्याचे कारण नाही.

दोष याच्या पुढे सुरू होतो. १९८० साली रॉजर लिनच्या तालयंत्राने खऱ्या वाद्यांचे मुद्रित आघात वापरले, आणि मागेपुढे पडलेला आघात आपोआप मोजक्या घरात सरकविण्याची सोय दिली. आज ती सोय घरगुती यंत्रांतही असते. तिच्या साह्याने शिकाऊ हाताची चूक झाकते, परंतु त्याबरोबर मुरलेल्या हाताची खुबीही पुसली जाते. ठेक्यातील एखादा बोल केसभर मागे रेंगाळतो, म्हणून तर तो ठेका डुलतो. त्यास ओढून रेघेवर बसविले की हिशेब चोख होतो आणि डोल निघून जातो. खुद्द लिनच्या यंत्रातही आघात थोडे ढळते ठेवण्याची सोय होती. डोलाची गरज यंत्रकारासही कळली होती, हे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, साधा, न हलणारा ठेका हाच तर थोर गवयांनी मागितला. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा चौदा मात्रांचा विलंबित झुमरा आठवावा. तेथे तबलजीने आपली विद्या दाखवू नये, हीच अपेक्षा होती. आक्षेप रास्त आहे. परंतु तो साधेपणा ऐकणाऱ्या माणसाचा होता. गायक समेकडे वळतो आहे, हे जाणून थाप टाकणारा आणि ते न जाणता टाकणारा, या दोघांचे बोल कागदावर एकच असले तरी मैफलीत एक नसतात. वारकरी भजनात हे अधिकच स्पष्ट होते. तेथे लय संथ आरंभापासून चढत जाते, आणि ती केव्हा चढवावी हे टाळकरी, गाणारे व मृदंगी परस्परांच्या तोंडाकडे पाहून ठरवितात. फिरता तुकडा कोणाच्याच तोंडाकडे पाहत नाही. आवर्तन व पुनरावृत्ती यांतील भेद हाच.

या दृष्टीने गोव्याच्या घुमटाची कथा बोधप्रद आहे. मातीच्या घटाच्या रुंद तोंडावर कातडे ताणावे आणि दुसऱ्या तोंडावर तळहाताची उघडझाप करून नाद कमीअधिक करावा, अशी त्याची घडण. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारण्यास बंदी झाली. पुढे शेळीचे कातडे आले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. नाद थोडा बदलला, परंतु चवथीच्या आरत्यांत शामेळ-कांसाळ्यांच्या जोडीने वाजविणारे हात राहिले, म्हणून वाद्य राहिले. लूप याच्या नेमके उलट करतो. तो नाद जसाच्या तसा राखतो आणि हात काढून घेतो.

आमच्या माळव्यात या प्रश्नास विशेष धार आहे. होळकरांच्या दरबारी नाना पानशांनी मृदंगाचे जे घराणे उभे केले, सखारामपंत आगळ्यांसारख्या शिष्यांनी जे पुढे नेले, ते इंदुरात वाढले. त्या इंदुराहून उज्जैनच्या वाटेवर, उलट्या हनुमानामुळे भाविकांस ठाऊक असलेले सांवेर आहे. अशा गावी चार मराठी घरे एकादशीस भजनास बसली आणि मृदंगी मिळाला नाही, तर त्यांनी मुकाट बसावे काय? मुळीच नाही. लूप लावून भजन म्हणणे हे भजन न होण्यापेक्षा निश्चित बरे. एकट्याने गळा वा हात तयार करणाऱ्यासही त्याच्यासारखा न थकणारा सोबती नाही.

परंतु तेथे एखादा दहा-बारा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याच्या मांडीवर वाद्य द्यावे आणि यंत्र बंद करावे. तो चुकेल, लय पळवील, समेवर उशिरा येईल. मंडळींना त्यास सांभाळून घ्यावे लागेल. धुमेला कणीक किती लावावी, हे त्यास याच बैठकीत कळेल, अन्यत्र नाही. आपल्या मंडळीचे ध्वनिमुद्रण देखणे व्हावे, या हौसेपायी त्याची जागा भरून टाकली, तर आणखी वीस वर्षांनी लूपसाठी मुद्रित करावयास तरी मृदंगी कोठून आणावयाचा?